पार्ट बदलण्याआधी: जुन्या पेट्रोल गाडीतला बिघाड कसा शोधावा

गाडी अडली की मालक विचारतो, "काय बिघडलं असेल?" जाणता मिस्त्री उलट विचारतो, "कधी करते?" सकाळी पहिल्यांदा चालू करताना की तासभर चालल्यावर? सिग्नलला उभी असताना की घाट चढताना? पावसात की एप्रिलच्या उन्हात? नवख्या माणसाने आधी शिकावं ते हेच, बिघाडाची वेळ नेमकी सांगणं. तोच धक्का, तोच आवाज वेगळ्या वेळी आला की त्याचं कारण वेगळं असतं. ही वेळ न बघता पार्ट बदलत गेलं की पैसे जातात आणि बिघाड जागच्या जागी राहतो.

इथे जुनी गाडी म्हणजे साधारण १९९० ते २०१० या काळातली छोटी पेट्रोल गाडी धरली आहे. उदाहरणं मुख्यतः मारुती ८०० ची आहेत. एक तर ती अजून गावोगावी दिसते, आणि दुसरं म्हणजे बॉनेट उघडल्यावर तिच्यात हात घालायला जागा मिळते. १९८३ च्या डिसेंबरात आलेली ही गाडी २०१४ च्या सुरुवातीला बंद झाली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, आधी कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आणि २००० च्या सुमारास एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल फवारणारी पद्धत). कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी तर पूर्ण कार्बोरेटरच्या जमान्यातली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी आजही आहेत आणि खाली लिहिलेलं बरंचसं त्यांनाही लागू पडतं. झेन, सँट्रो, इंडिका पेट्रोल यांचे बिघाडही याच जातीचे.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा डिजिटल मल्टिमीटर, प्लग पाना, ८ ते १७ पर्यंतचे रिंग-फिक्स पाने, चांगला टॉर्च, जुना टूथब्रश, इन्सुलेशन टेप, जंप केबलची जोडी आणि एक वही. गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर विसंबू नका. दोन्ही बाजूंना स्टँड लावल्याशिवाय डोकं खाली घालायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. इंजिन चालू असताना ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बेल्टजवळ नको.

आणि एक शिस्त पाळा: एका वेळी एकच बदल. प्लग, फिल्टर आणि कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) एकदम बदललेत आणि गाडी सुधारली, तर ती कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही. सहा महिन्यांनी तोच त्रास परत आला की पुन्हा तिन्हींवर खर्च.

चावी फिरवली आणि गाडी गप्प

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. सेल्फ घेत नाही म्हटलं की शेजारीपाजारी सगळे एकसुरात "बॅटरी गेली" म्हणतात. आधी हे करून बघा. हेडलाइट लावा, कुणाला तरी गाडीसमोर उभं करा आणि सेल्फ मारा.

लाइट एकदम विझायला आले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल नीट पकडत नाही. लाइट होते तसेच राहिले आणि आवाजही नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोहोचतच नाही: इग्निशन स्विच, सोलेनॉइडची (सेल्फ मोटरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचची) बारीक वायर किंवा तिचा निघालेला चिमटा. एकच जड "खट" झालं आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइड ओढला गेला, पण मोटर फिरत नाही. भराभर "टिकटिकटिक" ऐकू आलं, तर सोलेनॉइड पकडतो आणि लगेच सोडतो. याचं कारण बहुतेक वेळा कमी व्होल्टेज.

आता मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन खांबांवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पण नुसता हा आकडा फसवतो. मरणपंथाला लागलेली बॅटरीही शांत असताना १२.५ दाखवू शकते. म्हणून सेल्फ मारत असताना आकडा बघा. तो साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीत जोर नाही. गाडी चालू झाल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. १२.५ वरच अडकला तर अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा) चार्ज करत नाही, म्हणजे बेल्ट सैल असेल, ब्रश झिजले असतील किंवा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला असेल. नवी बॅटरी घातली तरी तीही दोन दिवसांत उतरणार. उलट १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बॅटरीला उकळतोय.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकतो आणि ठिणग्या उडतात. बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको, तिच्यातून हायड्रोजन निघतो.

आणि आता ती गोष्ट जी जुन्या गाड्यांत फार सापडते: इंजिनची अर्थ वायर. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणारी जाड पट्टी आतून गंजते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते. नवी बॅटरी झाली, सेल्फ मोटर दुरुस्त करून आणली, तरी गाडी कण्हतच सुरू होते, अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीत हे आधी बघावं. परीक्षा सोपी आहे. जंप केबलची एक बाजू बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी थेट इंजिनच्या एखाद्या स्वच्छ, जाड बोल्टला लावा आणि सेल्फ मारा. झटक्यात फिरला की बिघाड सापडला, तोही अगदी थोड्या पैशांच्या पट्टीत. अर्थ खराब असल्याची दुसरी खूण म्हणजे इंडिकेटर लावला की पार्किंग लाइटही त्याच्या तालावर लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबला की भलताच दिवा मंद पेटतो. करंटला परतीचा रस्ता मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो.

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी दोन दिवस उभी राहिली की उतरते? मग काहीतरी गुपचूप करंट खातंय. सगळं बंद करून, दारं लावून, निगेटिव्ह वायर सोडा आणि तिच्या जागी अँपिअरवर लावलेला मल्टिमीटर जोडा. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्या लाइनवर. अनुभवाने सांगायचं तर आधी नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉक आणि डिकीतला दिवा बघा.

सेल्फ फिरतो, पण इंजिन लागत नाही

इथे प्रश्न दोनच: करंट येतोय का, आणि पेट्रोल येतंय का. पाच-सहा वेळा सेल्फ मारून झाल्यावर एक प्लग काढा. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल पोहोचतंय, ठिणगी नाही. नाहीतर जास्त चोक ओढून इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर गेलंय. कोरडं असेल तर पेट्रोलच नाही.

ओव्हर झालं असेल तर चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा (पंप मारत बसू नका) आणि सलग काही सेकंद सेल्फ द्या. पुष्कळदा तेवढ्याने लागते.

ठिणगी बघण्यासाठी प्लग परत वायरीत घाला, त्याची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग रबरी मुठीच्या पकडीने धरा, हाताने नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा झटका जबरदस्त असतो. ज्या भोकातून प्लग काढला त्यातून पेट्रोलची वाफ उडते, म्हणून ठिणगी त्यापासून लांब ठेवा. निळी, टणक, "टक" आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळसर, लुळी ठिणगी उघड्या हवेत दिसते, पण सिलिंडरच्या दाबाखाली विझते.

ठिणगी नसेल तर डिस्ट्रीब्यूटरची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप उघडा. आत काळ्या कोळशासारख्या बारीक रेघा आहेत का? त्या भेगांतून करंट पळतो. मधलं कार्बनचं टोक झिजलंय का? आत फिरणाऱ्या रोटरचं टोक जळलंय का? पॉइंटच्या (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या) जुन्या गाडीत पॉइंटवर खड्डे पडतात, कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो. कॅप उघडीच ठेवून एकदा सेल्फ मारा: ८०० मध्ये डिस्ट्रीब्यूटर कॅमशाफ्टवरून फिरतो, त्यामुळे सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय आणि रोटर मात्र ढिम्म आहे, असं दिसलं तर टायमिंग बेल्ट तुटलाय. मग पुढे सेल्फ मारायचाच नाही, गाडी ओढून न्यायची.

प्लगच्या वायरी काढण्याआधी टेपने नंबर टाका. ८०० चा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२ आहे. तीन सिलिंडरमध्ये दोन वायरी अदलाबदल झाल्या तरी गाडी फटफट करत राहते, लागत नाही, आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो.

पेट्रोल येत नसेल तर एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि इंजिन बंद असतानाच ॲक्सिलरेटरची केबल हाताने ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली तर कार्बोरेटरच्या बाउलपर्यंत (पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यापर्यंत) पेट्रोल आहे. नाही उडाली तर पंप, फिल्टर, नळी. एमपीएफआय गाडीत चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोनेक सेकंद "झूं" आवाज यायला हवा. नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंप. हा क्रम बदलू नका, कारण पंप महाग आहे.

पावसाळा आणि उन्हाळा

जूनमध्ये रत्नागिरी किंवा ठाण्यात सकाळी गाडी लागत नाही आणि दुपारी ऊन पडल्यावर जणू काही झालंच नाही अशी लागते. हा दमटपणा आहे. कॅपच्या आत आणि प्लगच्या जुन्या वायरींवर बाष्प जमतं, करंट प्लगऐवजी बॉडीकडे पळतो. रात्री, दिवे बंद करून, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर पुरावा हातात आला. कॅप आतून कोरड्या फडक्याने पुसली की त्या दिवसापुरतं भागतं. कायमचा उपाय म्हणजे नव्या वायरी आणि कॅप.

उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे वेगळा खेळ. गाडी तासभर छान चालते, मग मान टाकते, अर्धा तास सावलीत उभी केली की परत लागते. कारणं दोन, आणि दोन्हींची लक्षणं हुबेहूब सारखी. एक, पेट्रोलची पंपात किंवा नळीत वाफ होते आणि पंप वाफच ढकलत बसतो. दोन, कॉइल किंवा इग्निशन मॉड्यूल गरम झाल्यावर करंट सोडतो. फरक कळायचा तर ज्या क्षणी गाडी बंद पडली त्याच क्षणी, थंड व्हायच्या आत, ठिणगी बघायला हवी. ठिणगी असेल तर पंपावर ओलं फडकं ठेवून बघा. ठिणगी नसेल तर कॉइलकडे वळा. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी थंड होते आणि मिस्त्रीला सगळं ठीक दिसतं, म्हणून हे काम रस्त्याच्या कडेला मालकालाच करावं लागतं. प्लग पाना डिकीत ठेवायचा तो यासाठी.

तिसरी एक गंमत: टाकीच्या झाकणातली हवेची वाट बुजली तरी गाडी काही किलोमीटरनंतर उपाशी पडते. झाकण उघडताना "फुस्स" करून हवा आत ओढली गेली आणि मग गाडी लागली, तर दोष झाकणाचा.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या त्या हिशेबाने बनलेल्या नव्हत्या. इथेनॉल पाणी शोषतं, जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. इंधनाच्या नळ्या दर पावसाळ्याआधी बोटांनी दाबून बघा: चिकट, मऊ किंवा भेगाळलेली नळी ताबडतोब बदला. बॉनेटमध्ये पेट्रोलचा वास आला तर बाकी सगळं निदान बाजूला ठेवा आणि गळती शोधा. जुन्या गाड्या अशाच पेटतात.

मिसिंग, झटके, पिकअप नाही

आधी ठरवा: एकच सिलिंडर मार खातोय की सगळेच. एकच असेल तर धक्का तालात येतो, आयडलिंगला (ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना) गाडी ठराविक लयीत थरथरते. सगळ्यांचाच त्रास असेल तर झटके अनियमित असतात.

एकच सिलिंडर शोधायला इंजिन बंद करून एक वायर काढा, तिच्यात जादा प्लग घालून तो इंजिनच्या धातूला नीट अडकवा, मग इंजिन चालू करा. वायर मोकळी लोंबकळत ठेवली तर कॉइल आणि मॉड्यूल दोन्हींना धोका. पुन्हा बंद करून दुसऱ्या सिलिंडरवर तेच. ज्या सिलिंडरची वायर काढल्याने इंजिनला काहीच फरक पडला नाही, तो आधीपासूनच मेलेला होता. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये घाला. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर प्लग खराब. नाही सरकलं तर वायर अदलाबदल करून बघा (लांबी पुरत असेल तर). तरीही तिथेच राहिलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायची वेळ, म्हणजे व्हॉल्व्ह, रिंग किंवा गास्केट.

काढलेल्या प्लगचा रंग वाचायला शिका. फिकट तपकिरी, वीटकरीकडे झुकणारा: उत्तम. कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त, चोक अडकला किंवा एअर फिल्टर बुजला. तेलकट काळा: इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये शिरतंय. पांढराफटक, टोकाला फोड: मिश्रण पातळ किंवा इंजिन फार तापतंय. पण हे वाचन हायवेवर दहा-पंधरा किलोमीटर चालवून लगेच बंद केलेल्या गाडीचं करा. सोसायटीत पाच मिनिटं आयडलिंगला ठेवलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसणार.

चोक ओढला की चालते, चोक आत ढकलला किंवा पाय काढला की बंद पडते, वेगात मात्र तक्रार नाही: आयडलिंगचा जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) बुजलाय. काही कार्बोरेटरवर पेट्रोल तोडणारा छोटा सोलेनॉइड असतो. चावी ऑन करताना त्यातून बारीक "टक" ऐकू यायला हवं. ते नसेल तर जेटला हात लावण्याआधी त्याची वायर बघा. उलट, गावात छान आणि कसाऱ्याच्या चढावर दम लागतो, असं असेल तर फिल्टर किंवा पंप पुरेसं पेट्रोल देत नाही, नाहीतर क्लच घसरतोय. दोन्हीतला फरक टॅकोमीटर नसतानाही कानाला कळतो: पेट्रोल कमी असेल तर इंजिनचा आवाजच बसतो. क्लच घसरत असेल तर आवाज चढतो, वेग चढत नाही, आणि करपट वास येतो.

आयडलिंग विनाकारण वर-खाली होत असेल तर मॅनिफोल्डच्या गास्केटजवळ आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांवर साध्या पाण्याची बारीक फवारणी करा. क्षणभर आयडलिंग सुधारलं तर हवा तिथून घुसतेय. पुष्कळ जण यासाठी कार्बोरेटर क्लीनर फवारतात. तो पेटतो, गरम सायलेन्सरशेजारी तो खेळ नको.

गाडी तापते

घाईत घेतलेले निर्णय सर्वात महाग इथेच पडतात. काटा लाल रेषेकडे गेला की एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण चालू (तो छोटा रेडिएटरच आहे), गाडी बाजूला. वाफ दिसत असेल किंवा काटा टोकाला असेल तर इंजिन लगेच बंद. झाकण उघडायचं नाही. बंद दाबाखाली पाणी ११५-१२० अंशांपर्यंत न उकळता राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो, सगळं एकदम उकळतं आणि तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, अॅल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं किंवा तडकतं.

आता "कधी"चा प्रश्न. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला निवते? मग पंखा. गाडी पळताना हवा आपोआप रेडिएटरमधून जाते, उभी असताना पंखाच लागतो. इंजिन गरम असताना पंख्याच्या थर्मो स्विचचा चिमटा काढून त्याची दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर स्विच गेला. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर. (एमपीएफआयच्या ज्या गाड्यांत पंखा ईसीयूवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर, चालतो तिथे हे करू नका.)

गावात ठीक, पण घाटात किंवा ऐंशीच्या वर तापते? मग पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून क्षाराने बुजलाय, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडतो, किंवा बेल्ट घसरतो. ८०० मध्ये अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर आहेत, त्यामुळे तापण्याबरोबर चार्जिंगचा लाल दिवाही लागला तर बेल्टच बघा. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, आणि बुजलेले रेडिएटर ही तिचीच करणी. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचं मिश्रण वापरा.

सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटांतच तापते? वरचा पाइप रटरटीत आणि खालचा गार असेल तर थर्मोस्टॅट बंदच अडकलाय. काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. तसं केलं की इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं आणि लवकर झिजतं. नवा बसवायला सांगा.

पाणी कमी होतं पण खाली थेंब दिसत नाही? पूर्ण थंड इंजिनचं झाकण उघडा, पाणी काठोकाठ भरा, चालू करा. सुरुवातीपासून सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय, म्हणजे हेड गास्केट. ऑइलच्या झाकणाखाली आणि डिपस्टिकवर दुधाळ, चहाच्या रंगाचा साका दिसला तर पाणी ऑइलमध्ये गेलंय, त्यानंतर गाडी एक किलोमीटरही चालवू नका. मात्र फक्त झाकणाखाली थोडा फिकट साका आणि डिपस्टिक स्वच्छ, असं रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत थंडीत दिसतं. ते नुसतं बाष्प आहे. या फरकाकडे दुर्लक्ष झालं की हेड विनाकारण उतरतं.

धूर

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. सकाळच्या थंडीत थोडा वेळ दिसणारी पांढरी वाफ काहीच नाही. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर आला तर कूलंट जळतंय.

निळसर धूर म्हणजे ऑइल, आणि तो कधी येतो त्यावर खर्च ठरतो. सकाळी चालू करताना एक झोत आणि मग साफ: व्हॉल्व्ह सील. घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून द्या, खाली पोचल्यावर पाय द्या आणि मागच्या गाडीतल्याला बघायला सांगा. तेव्हा भपका निघाला तरी सील किंवा गाइड. चढावर, जोर देताना सतत निळा धूर आणि ऑइलच्या झाकणातून फुसफुस हवा: रिंग घासल्या. पहिलं काम हेडपुरतं आहे, दुसऱ्याला इंजिन खोलावं लागतं. धूर बघून सरळ "इंजिन करावं लागेल" सांगणाऱ्याला आधी कॉम्प्रेशनचे आकडे मागा.

ऑइलचा लाल दिवा गरम इंजिनला आयडलिंगवर मिणमिणला तर लेव्हल बघा. लेव्हल बरोबर असूनही मिणमिणतो तर प्रेशर स्विच किंवा झिजलेल्या बेअरिंग. चालत्या गाडीत तो पेटला तर इंजिन तिथल्या तिथे बंद. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ म्हणणाऱ्यांची इंजिनं सीज होतात.

खालून येणारे आवाज

पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालवताना "कटकटकट": एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा सांधा). आधी त्याचं रबरी बूट फाटलेलं असतं, तेव्हाच लक्ष दिलं तर जॉइंट वाचतो. वेगाबरोबर वाढणारी घरघर, डावीकडे वळताना वाढते आणि उजवीकडे कमी होते: उजवं व्हील बेअरिंग, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो. खराब रस्त्यावर "खडखड": चाक उचलून, स्टँड लावून, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ९ आणि ३ ला खेळ असेल तर टाय रॉड एंड. क्लच दाबल्यावर आवाज येतो तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर थांबतो तर गिअरबॉक्समधलं.

ब्रेकचं निदान चालवून करू नका. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातं आणि बाहेर गळती नाही, तर मास्टर सिलिंडर आतून सोडतोय. पेडल स्पंजासारखं असेल तर हवा. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर व्हील सिलिंडर. यातलं काहीही असेल तर गाडी जागेवरच ठेवा आणि मिस्त्रीला घरी बोलवा.

स्कॅनर आणि गॅरेज

एमपीएफआय गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला की हल्ली कुणीही खिशातून स्कॅनर काढतो. २०१० च्या आधीच्या पुष्कळ गाड्यांना तो स्वस्तातला स्कॅनर बोलतच नाही. बोलला तरी कोड म्हणजे सदोष पार्टचं नाव नव्हे. "मिश्रण पातळ" असा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, आणि खरं कारण निघतं एअर फिल्टरच्या पुढची फाटलेली रबरी नळी किंवा मंदावलेला पेट्रोल पंप. कोड आला की त्या सर्किटची वायर, चिमटा आणि अर्थ आधी बघा, सेन्सर शेवटी.

गॅरेजमध्ये "गाडीत प्रॉब्लेम आहे, बघा जरा" असं सांगू नका. वहीतून वाचा: "गरम झाल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर झटके देते. सकाळी नाही. प्लग दोन नंबरचा काळा होता, बदलून फरक पडला नाही. ठिणगी निळी आहे." असं ऐकल्यावर कुठलाही मिस्त्री वेगळ्या कानाने ऐकतो, आणि उगाच पार्ट सुचवायला कचरतो. काम अंदाजाने चाललंय असं वाटलं तर विचारा, "हा पार्ट खराब आहे हे कशावरून?" उत्तरात एखादी चाचणी किंवा आकडा आला तर पुढे जाऊ द्या. आणि बदललेला जुना पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवायला सांगा, बिल देण्याआधी.